स्त्रीच्या चित्रात करुणा आपोआप येते का?

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे. समाजातलं दुःख हा तिच्या कामाचा विषय. मार्गदर्शक तिला सांगतात, "तू मुलगी आहेस, करुणा तुझ्या कामात आपोआप येईल." प्रत्यक्षात लोक तिची चित्रं बघतात, "अरेरे" म्हणतात आणि पुढे सरकतात. तिचे प्रश्न दोन: स्त्री कलाकाराची दुःखाकडे बघायची नजर खरोखर वेगळी असते का? आणि जे आपण भोगलेलं नाही ते चितारायचा आपल्याला हक्क काय?

मी छापचित्रं करते, मुख्यतः एचिंग (धातूच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून, त्या आम्लाने खोदून छापलेलं चित्र) आणि वुडकट (लाकूड कोरून छापलेलं चित्र), आणि बरीच वर्षं शिकवतेही आहे. त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देते.

आपोआप काहीही येत नाही. बाईने काढलेलं दुःखाचं चित्र पुरुषाने काढलेल्याइतकंच पोकळ असू शकतं. वर्गात मी अशी ढिगाने पाहिली आहेत. मोठे पाणीदार डोळे, पुढे केलेला हात, मागे करडा धूर. बघणाऱ्याला काय वाटायला हवं हे चित्राने आधीच ठरवून टाकलेलं असतं. मग तोही तेवढं वाटून घेतो आणि मोकळा होतो. तुमच्या चित्रांपुढचं "अरेरे" बहुधा तिथून येतं. नजर वेगळी असते हे मात्र मी मानते. फक्त त्याचं कारण स्वभावात शोधू नका. बाई कुठे उभी राहून बघते, तिला कुठे शिरू देतात आणि कुठे नाही, यात ते सापडेल.

यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीकडे पाठवते. जन्म १८६७चा, कोनिग्सबर्गचा. ते शहर आज कालिनिनग्राड म्हणून रशियात आहे. जर्मनीतल्या कला अकादम्या तेव्हा मुलींना घेत नसत, म्हणून बर्लिन आणि म्युनिकमधल्या बायकांच्या वेगळ्या कलाशाळांत ती शिकली. १८९१ मध्ये तिचं कार्ल कोलवित्झशी लग्न झालं. कार्ल डॉक्टर, कामगारांच्या आजारविमा फंडावर नेमलेला. राहणं आणि दवाखाना बर्लिनच्या उत्तरेकडच्या कामगारवस्तीतच. १९४३ पर्यंत तिचा पत्ता बदलला नाही. नवऱ्याकडे आलेल्या बायका तिच्याकडेही येऊन बसत, बोलत.

आता गंमत बघा. उतारवयात मागे वळून लिहिताना तिने साफ सांगितलं आहे की कामगारांकडे ती आधी दयेपोटी ओढली गेली नाही. ते तिला सुंदर दिसत. कोनिग्सबर्गच्या बंदरावरचे हमाल, त्यांच्या हालचालींचा ऐसपैसपणा. मध्यमवर्गीय माणसं त्यांच्यापुढे तिला आखडलेली, बेचव वाटत. बेकारी, आजारपण, बायकांचे हाल, हे सगळं तिला नंतर कळलं, नवऱ्याच्या दवाखान्यामुळे कळलं, आणि मग मात्र त्याने तिला सोडलं नाही.

हे वाचून काही विद्यार्थी दचकतात. दुःखाकडे बघताना आधी आकार दिसला म्हणजे आपण निष्ठुर, असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. वाकलेली पाठ आधी वजन म्हणून दिसली पाहिजे: भार कुठल्या पायावर आहे, मान किती खाली गेली आहे, हात नुसता लोंबतोय की काहीतरी धरून आहे. हे ज्याला दिसत नाही त्याची कणव कागदावर उतरत नाही, ती मनातल्या मनात राहते. तुम्ही "दुःख" हा विषय घेतला आहे. तिने माणसं घेतली होती.

तिची पहिली मोठी मालिका "विणकरांचा उठाव". १८९३ साली जर्मन नाटककार गेऱ्हार्ट हाउप्टमान यांचं सायलेशिया या तेव्हाच्या प्रशियाच्या प्रांतातल्या विणकरांच्या १८४४च्या बंडावरचं नाटक तिने पाहिलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून ती या चित्रांच्या मागे लागली. सहा छापचित्रं, तीन लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेली चित्रं) आणि तीन एचिंग, पूर्ण व्हायला १८९७ उजाडलं. क्रम बारकाईने बघा. पहिलं चित्र खोलीतलं: आजारी मूल, त्याच्यावर ओणवी आई, डोकं दोन्ही हातांत, मागे अंधारात माग. दुसऱ्यात त्याच खोलीत मृत्यू येतो. मग खलबत, मोर्चा आणि मालकाच्या फाटकावरचा हल्ला. या हल्ल्यात बायका काय करताहेत? रस्त्यावरचे दगड उपटून पुरुषांच्या हातात देताहेत. आणि शेवटचं चित्र पुन्हा घरात: दारातून प्रेतं आत आणली जाताहेत, माग तिथेच आहे, एक बाई उभी आहे.

बंडाचं चित्र म्हटलं की कुणीही चौक, झेंडा, गर्दी यांवर थांबला असता. कोलवित्झ सुरुवात आणि शेवट घराच्या आत करते, कारण बंड जिथून निघतं आणि जिथे परत येतं ती जागा तिला ठाऊक आहे. स्त्रीची नजर म्हणतात ती मला इथे दिसते. यात हळवेपणाचा काही भाग नाही. आणि आकार? पहिलं चित्र जेमतेम पंधरा सेंटिमीटरचं आहे. ते बघायला तुम्हाला वाकावं लागतं, त्या आईसारखंच.

ही मालिका १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी सुवर्णपदकाची शिफारस केली, त्यांत आडोल्फ मेन्झेलसारखा वयोवृद्ध, मानाचा चित्रकार होता. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने ती फेटाळली. एक तर विषय असला, त्यात बाई! पुढच्या वर्षी ड्रेस्डेनने पदक दिलं. राजघराण्याशी तिचं जमलंच नाही कधी. १९०६ साली घरबसल्या मजुरी करणाऱ्यांविषयीच्या प्रदर्शनासाठी तिने थकलेल्या कामगार बाईचं पोस्टर केलं, तेव्हा सम्राज्ञीने ते झाकल्याशिवाय प्रदर्शनात पाऊल ठेवायला नकार दिला. त्या पोस्टरमध्ये ना घोषणा आहे, ना मूठ. एका बाईचा दमलेला चेहरा आहे, एवढंच.

आता हक्काचा प्रश्न. तो मोठा आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

१९०३ मध्ये तिने "मेलेल्या मुलासह स्त्री" हे एचिंग केलं. बाई मांडी घालून बसली आहे, उघडी, आणि मुलाच्या छातीत तिने तोंड खुपसलं आहे. गुडघा प्रचंड, पाऊल प्रचंड. चेहरा जवळजवळ दिसत नाही, जे दिसतं ते नाक आणि कपाळ मुलाच्या अंगात रुतलेलं. रडणं नाही. जनावर आपल्या पिलाला हुंगतं तशी ती दिसते. यासाठी मॉडेल कोण होतं? ती स्वतः, आरशासमोर, आणि मांडीवर तिचा सात वर्षांचा मुलगा पेटर. तशा अवघडलेल्या स्थितीत त्याला धरून काढताना ती कण्हली, तेव्हा पोरगा म्हणाला, आई गप्प राहा, तेही सुंदर होईल. ही आठवण तिनेच सांगितलेली आहे.

म्हणजे जे तिच्यावर ओढवलेलं नव्हतं ते काढण्यासाठी तिने दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. स्वतःचं अंग आणि स्वतःचं मूल पणाला लावलं. दवाखान्यात मुलं गमावलेल्या बायका तिला भेटत होत्या, पण या चित्रासाठी त्यांतल्या एकीचंही तोंड तिने उचलून कागदावर आणलं नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे, असं मी समजते. परक्याचं दुःख काढायचं तर आधी ते आपल्या शरीरात बसतं का ते पाहावं. बसत नसेल तर अजून जवळ गेलेलो नाही.

अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १९१४ मध्ये, तो पेटर बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. अठरा वर्षांचा होता. पुष्कळ लेखक या एचिंगला भाकीत ठरवून टाकतात. मला ते स्वस्त वाटतं. खरी गोष्ट याहून अवघड आहे: पेटर अल्पवयीन होता, स्वेच्छेने भरती होण्यासाठी वडिलांची परवानगी लागत होती, वडील देईनात. मुलाच्या बाजूने नवऱ्याची समजूत घातली ती केटेने.

पुढचं सगळं काम या गाठीभोवती आहे. १९२१-२२ मध्ये केलेल्या "युद्ध" या सात वुडकटच्या मालिकेत एकही खंदक नाही, बंदूक नाही, शत्रू तर नाहीच. पहिल्या चित्रात एक आई डोळे मिटून आपलं तान्हं मूल दोन्ही हातांनी पुढे करते आहे. दुसऱ्यात तरुण पोरं भारावून मृत्यूच्या मागे निघाली आहेत, आणि मृत्यू ढोल वाजवतो आहे. त्याला बिलगून चाललेला पेटर आहे. या बायका नुसत्या बळी नाहीत. मूल पुढे करणारे हात आईचे आहेत, हे तिने स्वतःवर घेऊन दाखवलं. "स्त्रिया म्हणजे सोसणाऱ्या" या चित्रभाषेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं. दुःखाच्या चित्रात स्वतःचा वाटा कुठे आहे, हे ती शोधते. समाजाकडे बोट दाखवणारी चित्रं पुष्कळ असतात. त्या बोटामागचा हात क्वचित दिसतो.

वुडकट का, हेही बघण्यासारखं आहे. १९२० मध्ये जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाखची वुडकट पाहून ती हलून गेली; तोवर एचिंग आणि लिथोमध्ये तिचा हात पुरता बसलेला होता, वय बावन्न-त्रेपन्न. एचिंगमध्ये रेघ बारीक, सुईने ओढलेली, चूक झाली तर घासून पुन्हा. वुडकटमध्ये लाकूड कोरून काढाल तिथे पांढरं, ठेवाल तिथे काळं, आणि एकदा काढलेलं परत बसवता येत नाही. त्यामुळे "हेही दाखवू, तेही दाखवू" हा मोह आपसूक सुटतो. याच मालिकेतलं "आईबाप" हे चित्र तिने परत परत केलं. गुडघ्यांवर कोसळलेले दोघं एकमेकांत असे मिसळले आहेत की कुठला खांदा कुणाचा ते सांगता येत नाही. आधीची आवृत्ती फार उजळ आणि टोकदार झाली, दुःख तर पूर्ण काळोखं असतं, अशा अर्थाचं तिने डायरीत नोंदवलं आहे. अंतिम प्रिंटमध्ये पांढऱ्या रेघा अगदी मोजक्या आहेत. चेहरे नाहीत. बापाने एका हाताने तोंड झाकलं आहे, आईचं तोंड त्याच्या कुशीत.

पेटरच्या स्मारकाचीही हीच तऱ्हा. आधीच्या कल्पनेत मुलगा आडवा पडलेला होता आणि आईबाप त्याच्या उशापायथ्याशी. ते तिला जमेना. काम थांबलं, वर्षांनी पुन्हा सुरू झालं, आणि १९३२ मध्ये बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत शेवटी जे उभं राहिलं त्यात मुलगाच नाही. दोन वेगळ्या जोत्यांवर गुडघे टेकलेले आईबाप, मध्ये अंतर. बाप ताठ, स्वतःला मिठी घालून, आई वाकलेली. "आईबाप" मध्ये एकजीव झालेले दोघं इथे एकमेकांकडे बघतही नाहीत. अठरा वर्षं एका कामात घालवून कलाकाराने मुख्य आकृतीच काढून टाकावी, याला काय छाती लागत असेल!

शारीरिक अत्याचाराचं चित्र कसं काढावं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण या विषयात तो कधी ना कधी तुमच्यापुढे येणारच. "शेतकऱ्यांचं युद्ध" ही तिची मालिका (सोळाव्या शतकातलं जर्मनीतलं बंड, काम १९०८ मध्ये पूर्ण) शोधून त्यातलं बलात्कारानंतरचं चित्र बघा. आधी दिसते ती तुडवलेली बाग. पानं, देठ, मोडलेली फुलं. मग पाय दिसतात, आपल्याच दिशेने आलेले, आणि उशिरा कळतं की पानांत एक बाई पडली आहे. तोंड सावलीत मागे गेलेलं. कुंपणावरून एक लहान मूल बघतं आहे. बघणाऱ्याला तिच्या देहावर नजर फिरवायला ती सोयच ठेवत नाही. युरोपच्या चित्रपरंपरेत या प्रसंगावर शतकानुशतकं जे देखणे देह रंगवले गेले, ते आठवून हे बघा म्हणजे फरक कळेल.

कोलवित्झच्या नंतरच्या स्त्री कलाकारांचं थोडक्यात सांगते. पाउला रेगो ही लिस्बनमध्ये जन्मलेली, लंडनमध्ये राहिलेली चित्रकार. जून १९९८ मध्ये पोर्तुगालमध्ये गर्भपात कायदेशीर करण्यावर सार्वमत झालं. निम्मे मतदारही फिरकले नाहीत आणि प्रस्ताव पडला. संतापून रेगोने मोठ्या पेस्टल चित्रांची मालिका केली: चोरून गर्भपात करून घेणाऱ्या मुली, खाट, बादली, शाळेचा गणवेश. रक्ताचा थेंब नाही. काही मुली सरळ आपल्याकडे बघतात, आणि त्या नजरेत याचना नाही. मग तिने त्यांची एचिंग केली, चित्रं जास्त हातांत जावीत म्हणून. २००७ च्या दुसऱ्या सार्वमतात कौल बदलला. त्या चर्चेत या चित्रांचाही वाटा होता असं मानलं जातं. कोलंबियाची शिल्पकार डोरिस साल्सेदो आणखी वेगळी. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांशी ती दीर्घकाळ बोलते आणि कामात माणूस आणतच नाही. भिंतीतल्या कोनाड्यांत वापरलेले जोडे, त्यांवर जनावराचा पातळ पडदा शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवलेला. जोडे दिसतात, धूसर. बस.

तिघींत हातचं राखणं समान आहे, पण म्हणून तिघींची नजर "स्त्रीची" म्हणून एका पेटीत भरू नये. रेगो चिडलेली आहे, साल्सेदो जवळजवळ अबोल. कोलवित्झ या दोघींहून भावनेच्या जास्त जवळ जाते, आणि तिथे तिची मर्यादाही आहे. तिच्या उत्तरकाळात बाई म्हणजे आई, हे समीकरण फार घट्ट होतं. मूल नसलेली, रागावलेली, हसणारी बाई त्यात कमी सापडते. आपल्या विद्यार्थिनींनी तिचं अनुकरण करू नये, असं मला वाटतं ते यासाठी.

दुसरा धोका तिच्या हातात नव्हता. १९३७-३८ मध्ये तिने मेलेल्या मुलाला कुशीत घेतलेल्या आईचं एक छोटं शिल्प केलं, टेबलावर मावेल एवढं. १९९३ मध्ये बर्लिनच्या नॉये वाखं या राष्ट्रीय स्मारकात त्याचीच कितीतरी मोठी प्रत बसवली गेली, "युद्ध आणि जुलूमशाहीच्या बळींना" अशा ओळीसह. इतिहासकार राइनहार्ट कोसेलेक यांच्यासह अनेकांनी हरकत घेतली: छळछावणीत मारलेला ज्यू आणि मारणारा सैनिक एकाच ओळीत कसे? आणि आईच्या कुशीतला मृत मुलगा ही तर ख्रिस्ती प्रतिमा. मला ही हरकत रास्त वाटते. एका आईचं नेमकं दुःख मोठं करून सगळ्यांच्या दुःखावर पांघरलं, की कुणी कुणाला मारलं हा प्रश्नच विचारायचा राहतो. कार्यक्रमांतून, भित्तिचित्रांतून "वेदना वैश्विक असते" वगैरे ऐकलं की मला ते स्मारक आठवतं.

हक्काबद्दल आणखी एक. जर्मन कम्युनिस्ट नेता कार्ल लीबक्नेख्ट याची जानेवारी १९१९ मध्ये हत्या झाली, तेव्हा घरच्यांच्या विनंतीवरून ती शवागारात जाऊन त्याचं रेखाटन करून आली. पुढे त्यावरून वुडकट केलं. ती त्याच्या राजकारणाची नव्हती, त्यामुळे तू कोण हे काढणारी, असा प्रश्न आलाच. कुठल्याही गोष्टीतला भावनेचा गाभा आपल्यात मुरवून तो बाहेर मांडायचा कलाकार म्हणून मला अधिकार आहे, असं तिचं म्हणणं होतं. पण चित्रात लीबक्नेख्टपेक्षा जास्त जागा त्याच्यावर ओणवलेल्या कामगारांना आहे. ज्यांचा माणूस गेला त्यांना तिने मध्ये ठेवलं आणि स्वतःला बाहेर. अधिकाराची भाषा करताना एवढी किंमत मोजायची तयारी हवी.

आता तुमच्या कामाकडे येते. तुमच्या चित्रातला चेहरा कागदाने झाका. बाकीचं शरीर अजून काही बोलतं का? बोलत नसेल तर रंगरंगोटी थांबवा आणि महिनाभर नुसत्या पाठी, हात, बसण्याच्या तऱ्हा काढा, स्वतःच्यासुद्धा, आरशात. कोलवित्झने शंभराच्या वर आत्मचित्रं केली. ती हौस नव्हती, तो सराव होता. ज्यांना तुम्ही चितारता त्यांच्याकडे वही घेऊन एकदा जाऊन चालणार नाही. वही न घेता जा, परत जा. त्यांना चित्र दाखवा आणि त्यांनी "मी अशी नाही बसत" म्हटलं तर ते मुकाट्याने दुरुस्त करा. माध्यम निवडताना चित्र कुठे लागणार याचा विचार आधी करा. तिने छापचित्रं निवडली त्यामागे एक सरळ हिशोब होता, एका प्लेटवरून पुष्कळ प्रती निघतात आणि त्या कमी पैशांत घराघरांत जातात. दालनात टांगायचं एकच मोठं कॅनव्हास करून कामगारवस्तीतल्या दुःखाची गोष्ट सांगायची असेल, तर ती ऐकणार कोण, हे स्वतःला विचारा.

जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या कोलवित्झ संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तिची बरीच कामं नीट बघायला मिळतात. सुरुवात "आईबाप" पासून करा, आणि त्याच्या आधीच्या आवृत्त्या सापडतील त्या शेजारी ठेवून तिने काय काय वगळलं त्याची यादी करा.